समान श्रेणी, असमान शिडी

गेल्या हिवाळ्यातील एक सायंकाळ. सौ. बँकेतून घरी परतली ती नेहमीपेक्षा प्रसन्न मुद्रेने. चहाचा कप हाती घेऊन ती म्हणाली, "अहो, आज क्षेत्रीय व्यवस्थापक शाखेत आले होते. सगळ्यांच्या देखत त्यांनी मला वाकून नमस्कार केला. म्हणाले, लेजर जुळवायला मला ह्या मॅडमनी शिकवलं."

तिच्या बोलण्यात आनंद होता, अभिमान होता. खंत मात्र कोठेही नव्हती. ती १९९१ साली बँक भरती मंडळाची परीक्षा देऊन कारकून म्हणून लागली. हे गृहस्थ दोन वर्षांनी त्याच शाखेत, त्याच पदावर, तिच्या शेजारच्या मेजावर येऊन बसले. जमाखर्चाच्या दोन बाजूंत सात रुपयांचा फरक पडला की रात्री आठपर्यंत बसून तो कसा शोधावयाचा, हे तिने त्यांना शिकविले. आज ते साऱ्या क्षेत्राचे प्रमुख आहेत आणि ती त्याच बँकेच्या एका शाखेत काउंटरवर आहे. मी मराठीचा शिक्षक, गणिताशी माझे फारसे सख्य नाही. तरीही त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी हिशेब केला. ज्याला तिने काम शिकविले, त्याचे वेतन तिच्या वेतनाच्या दुपटीच्या घरात होते. निवृत्तिवेतनातही तीच तफावत राहणार होती.

हा अन्याय म्हणावा, तर अन्याय करणारा कोण? बँकेने तिला स्त्री म्हणून एक पैसाही कमी दिला नव्हता. कारकुनाची वेतनश्रेणी स्त्रीला एक व पुरुषाला दुसरी, असे आपल्या राष्ट्रीयीकृत बँकांत कधी नव्हते. हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी बँकेच्या काउंटरवरून थेट मोठमोठ्या सरकारी उद्योगांच्या संचालक मंडळांपर्यंत आणि तेथून परत माझ्या स्वतःच्या शाळेपर्यंत येऊन पोहोचलो. त्या प्रवासात जे दिसले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

समान वेतनाचे तत्त्व आपल्या देशात नवे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री व पुरुष या दोघांनाही समान कामासाठी समान वेतन मिळावे, असे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिलेले आहे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी समान वेतनाचा अध्यादेश निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. पुढे हा कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावून घेण्यात आला व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तेव्हा कागदोपत्री या बाबतीत आपण मागे आहोत असे कोणी म्हणणार नाही.

परंतु कायदा 'समान काम' म्हणतो आणि खरी मेख त्याच शब्दात आहे. काम समान असले तरी कामाचे नाव निराळे ठेवले की दाम निराळा ठेवता येतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण एका सार्वजनिक संस्थेचेच आहे. एअर इंडिया तेव्हा सरकारी होती. तिच्या विमानांत प्रवाशांची सेवा करणारे पुरुष एका संवर्गात व स्त्रिया दुसऱ्या संवर्गात मोडत. पुरुष ५८ व्या वर्षी निवृत्त होत. हवाई सुंदरीने मात्र ३५ व्या वर्षी निवृत्त व्हावयाचे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केला तर तेव्हाच. आणि पहिल्या गर्भधारणेलाही नोकरी संपावयाची. पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यावयाची की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. नर्गिस मिर्झा व त्यांच्या सहकारिणी न्यायालयात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भधारणेची अट व संचालकांची अमर्याद मर्जी रद्द केली. चार वर्षांत विवाह न करण्याची अट मात्र कायम राहिली आणि समान वेतनाचा दावाही मान्य झाला नाही. कारण काय, तर हे दोन संवर्ग भिन्न, त्यांची भरती भिन्न, त्यांच्या बढतीच्या वाटा भिन्न! ज्या भिन्नतेविरुद्ध तक्रार होती, तीच भिन्नता उत्तर म्हणून पुढे आली. विमानातील पर्यवेक्षकाचे पद स्त्रियांनाही खुले करण्याचा निर्णय पुढे संस्थेने घेतला, तेव्हा पुरुष कर्मचारी न्यायालयात गेले आणि त्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटण्यास २०११ साल उजाडावे लागले.

परराष्ट्र सेवेची कथाही अशीच आहे. सी. बी. मुथम्मा या त्या सेवेत १९४९ साली दाखल झालेल्या पहिल्या महिला. विवाह करावयाचा तर स्त्री अधिकाऱ्याने सरकारची अनुमती घ्यावी व विवाहामुळे कामात बाधा येईल असे वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता यावे, असा तेव्हाचा नियम होता. पुरुषांना असा नियम नव्हता. वरच्या श्रेणीतील बढती नाकारली गेली, तेव्हा मुथम्मा न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्या निकालात या नियमांतील स्त्री-पुरुष भेदाचा कठोर शब्दांत समाचार घेतला. प्रकरण चालू असतानाच त्यांना बढती मिळाली, हेही नमूद करण्याजोगे आहे. त्यांचे वेतन कोणी कापले नव्हते. वरच्या पायरीवर पाऊल ठेवू दिले जात नव्हते, एवढेच.

ही प्रकरणे वाचताना मला वाटले, आता असे नियम राहिले नाहीत; मग माझ्या घरात जे घडले ते कोणत्या नियमाने? आणि येथे मला स्वतःविषयी लिहिणे भाग आहे.

बँकेत कारकुनाला अधिकारी होण्याची संधी परीक्षेद्वारे मिळते. मात्र अधिकारी झाले की देशात कोठेही बदली स्वीकारावी लागते. सौ.ने ही संधी तीनदा नाकारली. पहिल्यांदा १९९८ साली. चिरंजीव तेव्हा दोन वर्षांचा होता. दुसऱ्यांदा २००३ साली. माझ्या मातोश्रींना पक्षाघात झाला होता. तिसऱ्यांदा २०११ साली. मुलाचे दहावीचे वर्ष होते. तिन्ही वेळा आमच्या घरात या विषयावर वाद झाला नाही, चर्चाही झाली नाही. पाऊस आला की दोरीवरचे कपडे काढावेत तितक्या सहजपणे ती संधी बाजूला ठेवली गेली.

आता दुसरी बाजू पाहा. २००४ साली मला मुख्याध्यापकपदाची बढती मिळाली व खरगोन जिल्ह्यातील एका गावी बदली झाली. मातोश्री अंथरुणाला खिळलेल्या होत्या, चिरंजीव आठ वर्षांचा होता, सौ.ची नोकरी होती. मी बढती स्वीकारली. चार वर्षे मी तेथे खोली घेऊन राहिलो व शनिवारी सायंकाळच्या बसने इंदूरला येत राहिलो. आजूबाजूच्या मंडळींनी पेढे मागितले. 'आईला कोण पाहील?' असा प्रश्न एकानेही विचारला नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक होते. २००३ साली ज्या आजारपणाने तिची वाट अडली, त्याच आजारपणाने २००४ साली माझी वाट अडली नाही. ते आजारपण माझ्या आईचे होते, तिच्या आईचे नव्हे, हे मला बावीस वर्षांनी सुचावे याची लाज वाटते.

सांगावयाचे तात्पर्य असे की आमची श्रेणी समान होती, पण शिडी समान नव्हती. कायद्याने पायऱ्यांचे माप सारखे केले. पण चढणाऱ्याच्या पाठीवरील ओझे मोजण्याचे काम कोणत्याही कायद्याने केले नाही.

एका काउंटरवर जे घडते तेच लाखो कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तीस-पस्तीस वर्षे घडत राहिले, तर वरच्या मजल्यावरील चित्र कसे दिसेल हे वेगळे सांगावयास नको. केंद्र सरकारच्या सार्वजनिक उद्योगांत वेतन पदाला असते, व्यक्तीला नव्हे. २०१७ च्या पुनर्रचनेनुसार 'अ' गटातील उद्योगाच्या अध्यक्षाची श्रेणी २,००,००० ते ३,७०,००० रुपयांची आहे. त्या खुर्चीवर स्त्री बसो वा पुरुष, श्रेणी तीच. यापेक्षा अधिक समान वेतन ते कोणते? पण खुर्चीवर बसणारे पाहू गेले तर आपल्याला स्त्रियांची नावे अजूनही 'पहिल्या' म्हणूनच सांगावी लागतात. १९९३ साली तर्जनी वकील एक्झिम बँकेच्या प्रमुख झाल्या. २००० साली रंजना कुमार यांनी डबघाईला आलेल्या इंडियन बँकेची सूत्रे हाती घेतली व तिला सावरले. सार्वजनिक क्षेत्रातील बँकेच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या महिला. ज्या स्टेट बँकेचे मूळ १८०६ च्या बँक ऑफ कलकत्त्यापर्यंत जाते, तिला पहिल्या महिला अध्यक्ष मिळाल्या त्या ऑक्टोबर २०१३ मध्ये, अरुंधती भट्टाचार्य. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय पोलाद प्राधिकरणाला १ जानेवारी २०२१ रोजी सोमा मंडल यांच्या रूपाने. आणि १९०५ पासून चालत आलेल्या रेल्वे बोर्डाला १ सप्टेंबर २०२३ रोजी जया वर्मा सिन्हा यांच्या रूपाने. शंभर वर्षांहून अधिक काळ गाड्या धावल्या, त्यांतून कोट्यवधी स्त्रियांनी प्रवास केला. पण गाड्या कशा धावाव्यात हे ठरविणाऱ्या मेजाच्या शीर्षस्थानी स्त्री बसावयास एवढी वर्षे लागली.

असे का व्हावे? एक कारण नियमांच्या पोटात दडलेले आहे. सार्वजनिक उद्योगांतील संचालकांची व अध्यक्षांची निवड सार्वजनिक उद्योग निवड मंडळ करते. अर्जदार लगतच्या खालच्या स्तरावर ठराविक काळ काम केलेला असावा लागतो आणि संस्थेतील उमेदवाराची निवृत्तीपूर्वीची किमान दोन वर्षांची सेवा शिल्लक असावी लागते. नियम निर्मळ आहे, त्यात स्त्री-पुरुष हा शब्दही नाही. पण जिने मुलांसाठी एक बढती व सासू-सासऱ्यांसाठी दुसरी सोडली, ती गुणवत्तेने त्या उंबरठ्यापर्यंत आली तरी तिच्या हाती दोन वर्षे उरत नाहीत. तिला कोणी नाकारीत नाही; घड्याळच तिला नाकारते. ज्यांनी बदल्या झेलल्या त्यांची दहा वर्षे मात्र कोणी धरून ठेवलेली नसतात.

कायद्याने वरूनही हात दिला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने नोंदणीकृत कंपन्यांच्या व ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या अन्य सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला संचालक असावी असे बंधन घातले. पुढे 'सेबी'ने शेअर बाजारातील मोठ्या कंपन्यांना एक स्वतंत्र महिला संचालक नेमणे भाग पाडले; आघाडीच्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून व १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून. आश्चर्याची गोष्ट अशी की ज्यांनी कित्ता घालून द्यावा त्या सरकारी कंपन्याच येथे अडखळल्या. स्वतंत्र व महिला संचालकांच्या जागा रिकाम्या राहिल्या म्हणून अलीकडच्या वर्षांत तेल व वायू क्षेत्रातील मोठमोठ्या सरकारी कंपन्यांना शेअर बाजारांनी दंड ठोठावला. त्यांचे उत्तर असे की संचालक नेमणे आमच्या हाती नाही, ते सरकारच्या हाती आहे. उत्तर खरे आहे. पण खुर्ची तोपर्यंत रिकामीच असते. शिवाय कायद्यातील 'किमान एक' या शब्दांचे व्यवहारात पुष्कळदा 'नेमकी एक' असे रूपांतर होते. आठ-दहा पुरुषांत एकच स्त्री बसली की तिला संचालक म्हणून नव्हे, तर स्त्रियांची प्रतिनिधी म्हणून पाहिले जाते. ती बोलली तर 'बाईंचे मत' आणि गप्प राहिली तर 'नावापुरती'.

स्त्रियांसाठी निराळी संस्था काढावी, हाही मार्ग करून झाला. नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय महिला बँक सुरू झाली. तिचे संचालक मंडळ केवळ स्त्रियांचे होते. १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. मला वाटते, निराळे घर बांधून देण्यापेक्षा आहे त्या घरातील बैठकीची दारे उघडणे अवघड असते, आणि म्हणूनच ते अधिक आवश्यक असते.

हे सारे आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकदा मी बोलून दाखविले. तेव्हा एक तरुण सहकारी म्हणाले, "सर, खुर्चीवर लायक माणूस बसावा. तो पुरुष आहे की स्त्री, हे कशाला पाहायचं?" प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना क्षेत्रीय व्यवस्थापकांची हकीगत सांगितली. त्यांची लायकी खोटी नाही. ती रायपूर, पाटणा, चेन्नई अशा गावोगावच्या शाखांत पिकली. पण ती पिकत असताना त्यांचे घर कोणीतरी सांभाळीत होते. माझीही तीच कथा. लायकी ही काही जन्मतः कपाळावर लिहिलेली नसते. ती संधीच्या उन्हात तयार होते. एकाला तीस वर्षे ऊन व दुसऱ्याला तीस वर्षे सावली देऊन मग दोन्ही झाडांची फळे तराजूत घालणे, याला न्याय म्हणता येईल काय?

परंतु दुसऱ्यांच्या संचालक मंडळांकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळलेली असतात. मीही एका मंडळाचा कारभार पाहतो. ते लहान आहे, त्याचे शेअर बाजारात नाव नाही. पण ते सार्वजनिक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २१ अन्वये शासकीय शाळेत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत व निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे तो कायदा सांगतो. गंमत पाहा! कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला कायदा एक स्त्री पुरे म्हणतो आणि फळे-खडू व वरण-भाताचा हिशेब ठेवणाऱ्या शाळेच्या समितीत मात्र निम्म्या स्त्रिया मागतो. जेथे पैसा नाही तेथे समता लवकर पोहोचते, असेच म्हणावयाचे काय?

आमच्या समितीतही निम्म्या स्त्रिया होत्या. नोंदवहीत होत्या. सभा सकाळी अकरा वाजता भरे, कारण ती वेळ माझ्या सोयीची होती. सभेला त्या मातांचे पती येत किंवा कोणीच येत नसे. मग शिपाई नोंदवही घेऊन घरोघरी जाई आणि 'उपस्थित' या रकान्यात सह्या व अंगठे घेऊन येई. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ती समता. खेडोपाडी 'सरपंचपती' कारभार हाकतात म्हणून मी वर्गात उपहासाने बोलत असे आणि माझ्याच कपाटात तशी नोंदवही वर्षानुवर्षे पडून होती. हे मी कबूल करतो.

सौ.च्या त्या सायंकाळनंतर मी सभेची वेळ बदलली. रविवारी सायंकाळी साडेसहा. पहिल्या सभेला तीन माता आल्या, दुसऱ्या सभेला पाच. दुसऱ्या सभेत वर्गखोलीच्या गिलाव्याचे देयक मंजुरीसाठी होते. अशी देयके मी नेहमी वाचून दाखवीत असे आणि माना डोलत असत. त्या दिवशी मागच्या बाकावरील एका बाईंनी निमाडीत विचारले, एवढ्याशा भिंतीला इतकी सिमेंटची पोती लागतात कशी? त्या स्वतः बांधकामावर काम करीत. त्यांनी उठून भिंत पावलांनी मोजली, गिलावा नखाने खरवडून पाहिला व पोत्यांचा आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला बोलाविले, तेव्हा त्याने फारशी खळखळ न करता देयक दुरुस्त केले. इतकी वर्षे ज्यावर मी डोळे मिटून सही करीत आलो, ते एका निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रीने पाच मिनिटांत पकडले. संचालक मंडळावर स्त्रिया कशाला हव्यात, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. त्या दयाळू असतात, कोमल असतात म्हणून नव्हे. ज्या भिंतीशी मेजाभोवती बसलेल्यांचा कधी संबंध आला नाही, ती भिंत त्यांनी हाताने बांधलेली असते म्हणून.

सभा संपल्यावर मी सहज त्यांना मजुरीविषयी विचारले. एकाच बांधकामावर पती व पत्नी दोघेही जातात. दोघेही पाटी उचलतात, दोघेही माल कालवितात. तरी तिची मजुरी त्याच्याहून कमी. का? तर ठेकेदाराच्या वहीत तो 'बेलदार' आहे आणि ती 'रेजा' आहे. मला एकदम त्या विमानातील दोन संवर्गांची आठवण झाली. आकाशात काय आणि मचाणावर काय, युक्ती एकच. नाव वेगळे की दाम वेगळा. आणि मग मला आमच्या शाळेत मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या स्त्रियाही दिसल्या. त्यांना 'वेतन' मिळत नाही, 'मानधन' मिळते. केंद्राच्या निकषानुसार २००९ साली ते महिन्याला १,००० रुपये ठरले, तेही वर्षातील १० महिन्यांचे. त्यात राज्यांनी आपापल्या परीने भर घातली आहे. मान आणि धन या दोन शब्दांची संधी करून दोन्हींत काटकसर करण्याचे कौशल्य आपल्याकडे आहे खरे.

मग उपाय काय? मी प्रशासक नव्हे. तरी दोन गोष्टी सुचतात. पहिली अशी की शिडीच्या मधल्या पायऱ्यांकडे पाहावे. अरुंधती भट्टाचार्य यांच्या कारकिर्दीत स्टेट बँकेने स्त्री कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपन किंवा वृद्धांच्या शुश्रूषेसाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन परत येण्याची सोय केली. केंद्र सरकारने २००८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. या सोयी मोलाच्या आहेत. पण त्यांत एक गृहीत दडले आहे की घर हे तिचेच. रजा तिला मिळते, म्हणून रजा तीच घेते, म्हणून मागेही तीच राहते. ज्या दिवशी सासूच्या आजारपणासाठी मुलगा बढती नाकारील व कोणाला त्यात नवल वाटणार नाही, त्या दिवशी शिडी सरळ झाली असे मी म्हणेन. दुसरी गोष्ट अशी की मंडळावर 'किमान एक' ऐवजी पुरेशा स्त्रिया असाव्यात आणि सभेची वेळ, जागा व भाषा त्यांना येता-बोलता यावे अशी असावी. ही सूचना मुंबई-दिल्लीपुरतीच नाही. आपल्या मराठी मंडळींच्या शाळा, पतसंस्था, गणेशोत्सव समित्या व वाचनालये यांच्या कार्यकारिणीची यादी वाचकांनी एकदा डोळ्यांखालून घालावी. स्त्रियांची नावे हळदीकुंकवाच्या उपसमितीत किती आहेत आणि जमाखर्चाच्या मेजाभोवती किती आहेत, हे पाहावे. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे राज्याचा कारभार केला आणि आम्ही इंदूरकर त्यांचे नाव विद्यापीठाला व विमानतळाला देऊन धन्य होतो. त्या नुसत्या देवळे बांधीत नव्हत्या, हिशेबही पाहत होत्या, हे मात्र आम्ही सोयीने विसरतो.

गेल्या महिन्यात सौ.च्या बँकेत बढतीचे परिपत्रक पुन्हा निघाले. मी ते तिच्या मेजावर पाहिले व आयुष्यात प्रथमच विचारले, "अर्ज करणार का? घराचं मी पाहीन." ती काही वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आता चार वर्षं राहिली. झाबुआला जाऊन कर्जवसुलीच्या फायली घेऊन हिंडायची हौस मला नाही. पण विचारलंत, बरं केलंत."

तिने अर्ज केला नाही. चौथ्यांदाही नकारच. फरक एवढाच की या वेळचा नकार तिचा स्वतःचा होता. माझ्या प्रश्नाने तिची तीस वर्षे परत येणार नाहीत आणि तो प्रश्न विचारल्याबद्दल मला शाबासकी मिळावी असेही नाही. सून मात्र नुकतीच एका सरकारी वीज कंपनीत अभियंता म्हणून रुजू झाली आहे. तिची पहिली बदली होईल तेव्हा आमच्या घरात चर्चा होईल, वादही होईल. तो व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

असो. समितीची पुढची सभा येत्या रविवारी आहे. नोंदवही आता शिपायाबरोबर घरोघरी जात नाही.